बुधवारची सहल

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पंपाचे भाग तयार करणारी एक कंपनी होती. तिच्या टाइम ऑफिसात शिवशरण शेटे एकोणीस वर्षं बसला. हजेरी, पाळ्या, रजा, ओव्हरटाइम हे सगळं त्याच्या हातातलं. चौऱ्याऐंशी कामगारांपैकी कुणाचं घर कुठं, कुणाला शुगर आहे, कुणाच्या सासूच्या नावानं आजवर दोनदा मयताची रजा निघाली, हे तो न बघता सांगायचा. पाच मिनिटं उशीर झालेल्या माणसाकडं तो नुसता चष्म्याच्या वरून बघायचा आणि मान खाली घालायचा. त्यामुळं लोक त्याला मानायचे. साहेबांचा माणूस, पण आपला. एवढी जागा त्यानं एकोणीस वर्षांत कमावली होती.

राहायला तो गडमुडशिंगीत. त्याच्याच गल्लीत जोतीराम राहायचा. लेथवरचा जुना कारागीर, आणि युनियनमध्ये जरा मोठ्या आवाजाचा. जोतीरामच्या मोटारसायकलवर दोघं सोळा वर्षं जात-येत होते. जोतीराम पुढं, शिवशरण मागं, दोघांचे डबे शिवशरणच्या मांडीवर. घरच्या लग्नाबारशाला दोन्ही घरं एकच असायची. शिवशरणची मुलगी सुष्मिता जोतीरामला काका म्हणायची आणि हट्ट बापापेक्षा त्याच्याकडंच करायची.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, मॅनेजर उदयसिंह साहेबांनी शिवशरणला केबिनमध्ये बोलावून घेतलं. खुर्चीवर बसवलं. एरवी उभ्या उभ्याच बोलणं व्हायचं.

"शिवशरण, कंपनीला पंचवीस वर्षं झाली. मालकांची इच्छा आहे, सगळ्या कामगारांना बायकापोरांसकट एक दिवसाची सहल द्यायची. साताऱ्याच्या अलीकडं हायवेला ते नवीन थीम पार्क झालंय, तिथं. सगळं तू बघायचं. तुझ्यासारखं नियोजन इथं कुणाला जमत नाही."

एकोणीस वर्षांत त्याला कुणी असं काही बोललं नव्हतं.

"रविवार धरूया का साहेब?"

"रविवारी तिथं मुंगीला शिरायला जागा नसते. बुधवार धर. फेब्रुवारीतला दुसरा. आणि एक लक्षात ठेव, एकही माणूस मागं राहता कामा नये. वॉचमनसुद्धा. त्या दिवसापुरते एजन्सीचे वॉचमन मी बघतो."

शिवशरणनं नवी फाइल केली. ही सूचना त्यानं पहिल्याच पानावर लिहिली आणि आपल्या सवयीप्रमाणं साहेबांची सही घेतली.

पुढचे चार आठवडे तो माणूस वेगळाच झाला. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जाऊन तो एकटाच पार्क बघून आला. गेटपासून लॉकर किती पावलं, लॉकरपासून पाण्याच्या राइड किती, सावली कुठं आहे, म्हाताऱ्या माणसांना बसायला बाकं कुठं, सगळं वहीत टिपलं. एका राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी होती, तिच्याखालच्या पोरांना आत सोडत नव्हते. आल्यावर त्यानं सगळ्यांकडून पोरांच्या उंच्या मागवल्या. आयत्या वेळी रांगेतनं बाहेर काढलं तर पोरगं दिवसभर रडत बसणार, हे त्याला आधीच दिसत होतं. गाडी लागणाऱ्यांची वेगळी यादी केली, त्यांना पुढच्या सीटा आणि पिशव्या. सकाळी सहाला निघायचं, साडेनऊला पोचायचं, दुपारी एकला जेवण, पाचला लॉकर रिकामे, साडेपाचला गाड्या सुटणार.

जेवणावरून मात्र बोंब झाली. पार्कमध्ये बाहेरचं अन्न चालत नव्हतं आणि आतलं सगळं शाकाहारी.

"तांबड्या-पांढऱ्याबिगर कसली सहल ओ शेटे?" मशीन शॉपमध्ये पोरांनी त्याला घेरलं. "तुमचं ठीक हाय, तुम्ही माळकरी नसला तरी लिंगायत हाईसा. आम्ही काय करायचं?"

शिवशरण स्वतः कधी मटणाला शिवला नव्हता, पण त्यानं पेठनाक्याच्या अलीकडच्या ढाब्यावर येतानाचं जेवण ठरवलं. त्या संध्याकाळी मशीन शॉपमध्ये त्याच्या नावानं शिट्ट्या वाजल्या.

मोबाइलचा विचारही त्याचाच. पाण्यात मोबाइल भिजतात, हरवतात, मग त्यावरून भांडणं. म्हणून त्यानं ठरवलं, गेटवरच सगळ्यांचे मोबाइल गोळा करायचे, नाव लिहिलेल्या पिशवीत घालून लॉकरात ठेवायचे आणि पाचला परत द्यायचे. कुणाला घरी बोलायचं असेल तर शिवशरणचा फोन आहेच. साहेबांनी हे वाचलं आणि पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. "वा! हे माझ्यापण डोक्यात आलं नव्हतं."

शेडमध्ये झाडलोट करणाऱ्या अंबूबाई एक दिवस ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माहेर-सासर दोन्ही गारगोटीकडचं. नवरा वारल्यापासून कागलात एका खोलीत राहायच्या.

"शेटे, मी आलेलं चालंल काय तिथं? लुगड्यावर आत सोडतील?"

"पाण्यात न्हाय सोडणार मावशी. पण आगगाडी हाय बघा बारकी, सगळ्या बागंला फेरी मारून आणती. तिच्यात तुमची जागा धरलीया मी."

अंबूबाई हसत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन चप्पल घेतल्याचं सगळ्या शेडला कळलं.

दोनशे अकरा माणसं झाली, पाच गाड्या ठरल्या. यादीत एकाच नावापुढं खूण नव्हती. जोतीरामच्या.

"मी न्हाय येत," मोटारसायकलवरून येताना जोतीराम म्हणाला. वाऱ्यात त्याचा आवाज मागं फेकला जात होता. "दिवाळीपासनं माल निम्म्यावर आलाय. नवीन ऑर्डर न्हाय. आणि ह्यांना सहल सुचलीया? वॉचमनसुद्धा न्यायचं म्हंत्यात. मी बुधवारी येऊन शेडमधी बसणार. मशीनला तेल घालत बसतो."

"लेका, पंचवीस वर्षं झाली म्हणून करायलेत. तुला सगळ्यातच काळं दिसतंय."

"असंल. पर मी मागं राहतो."

शिवशरणनं ते मनाला लावून घेतलं. साहेबांनी एकही माणूस मागं नको म्हटलं होतं आणि त्याचा स्वतःचा मित्रच राहणार होता. लोक काय म्हणतील? संध्याकाळी तो बायकोला, शिवलीलाला, बरोबर घेऊन जोतीरामच्या घरी गेला. चहा झाला. जोतीरामची बायको कधी कोल्हापूरच्या पलीकडं गेली नव्हती, तिचं मन केव्हाच पार्कमध्ये जाऊन बसलं होतं. शिवशरण म्हणाला, "जोत्या, इतक्या वर्षांत तुझ्याकडं काय मागितलंय मी? ह्ये एक मागतो. माझ्यासाठी चल."

जोतीरामनं बायकोच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "बरं. तुझ्यासाठी."

बुधवारी सहाला पाचही गाड्या सुटल्या. एक मिनिट उशीर नाही. साडेनऊला पार्कच्या गेटवर मोबाइल गोळा झाले, पिशव्या लॉकरात गेल्या, किल्ल्या शिवशरणच्या खिशात आल्या. पोरं आत सुटली ती वासरं सुटल्यासारखी. लेथवर बारा-बारा तास उभी राहणारी माणसं नायलॉनच्या रंगीत चड्ड्या घालून एकमेकांना बघून हसत होती. अंबूबाई नवीन चप्पल हातात धरून आगगाडीच्या पहिल्या डब्यात बसल्या, उतरल्या आणि परत रांगेला लागल्या.

साडेअकराला शिवशरणचा फोन वाजला. कंपनीच्या गेटसमोर चहाचा गाडा लावणारा मल्लाप्पा होता. तो निपाणीच्या पलीकडचा, कानडी हेल काढून बोलणारा.

"शेटे अण्णा, आज कंपनीत मोठं काम काढलंय काय ओ? तीन ट्रेलर आत गेलेत, क्रेन हाय. गेटवर सगळी नवीन माणसं. मला चहा घेऊन आत सोडंनात. आत्ता एक मशीन ट्रेलरवर चढवलेलं बघितलो मी."

शिवशरणनं साहेबांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"साहेब, मल्लाप्पाचा फोन आलता. मशीन..."

"शिवशरण, लोक मजा करायलेत ना? करू दे. आज त्यांच्या दिवसाची माती करू नकोस." साहेबांचा आवाज शांत होता. "कंपनी बंद होणारच होती. आज नाही तर महिन्यानं. इथं राडा होऊन कुणाचं डोकं फुटण्यापेक्षा हे बरं. तुझं मी बघतो. नवीन प्लांटला तुझी जागा धरलीय." आणि फोन ठेवला.

शिवशरण लाटांच्या तलावाच्या कठड्याला धरून उभा राहिला. कृत्रिम लाट आली की दोनशे माणसांचा एकच गलका उठायचा. मध्येच जोतीराम दिसला. बायकोचा हात धरून तो गळाभर पाण्यात उभा होता आणि लाट तोंडावर आली की लहान पोरासारखा ओरडत होता. त्यानं शिवशरणला बघितलं.

"शिवाण्णा! ये की आत! लई भारी हाय!"

शिवशरणनं हात हलवला.

हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता, वेळेचा हिशेब हेच तर त्याचं आयुष्यभराचं काम. आत्ता बाराला गाड्या काढल्या तर तीनच्या आत कागल. तोवर फार तर दहा मशीन गेली असतील. गेटवर माणसं आडवी पडली तर बाकीची वाचतील. त्यानं पाऊल उचललं. एक लहान पोरगी घसरगुंडीवरून खाली आली आणि आईच्या गळ्यात पडली. पाऊल तिथंच राहिलं. जेवल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. उपाशी पोटी नको.

एकला जेवण झालं. तो ताटांमधनं फिरला, कुणाला भात हवा, कुणाला ताक. "शेटे, तुमी बसा की," लोक म्हणत होते. तो बसला नाही. शिवलीलानं दोनदा विचारलं, "अहो, काय झालंय?" त्यानं ऊन लागल्याचं सांगितलं. दीडला त्याच्या डोक्यात आलं, आत्ता निघालो तर साडेचार. निम्मी गेली असतील. अडीचला आलं, साडेपाच. तीनला मल्लाप्पाचा परत फोन आला, तो त्यानं घेतलाच नाही.

त्यानं का सांगितलं नाही? पुढं हे त्याला पुष्कळांनी विचारलं आणि त्यानं स्वतःला त्याहून जास्त वेळा विचारलं. साहेबांची भीती होती का, नवीन जागेची हाव होती का, की आपण महिनाभर खपून उभा केलेला दिवस आपल्याच तोंडानं मोडवेना? प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं. प्रत्येक उत्तर थोडं खरं वाटायचं.

पावणेपाचला त्यानं जोतीरामला लॉकरच्या मागं बोलावलं आणि सांगितलं. पाचला मोबाइल लोकांच्या हातात जाणार होते. त्यानंतर लपवायला काही उरलंच नसतं.

जोतीरामच्या अंगावरनं अजून पाणी गळत होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुला कदी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"साडेअकराला," शिवशरण म्हणाला.

जोतीराम एक पाऊल पुढं आला. हात उचलेल असं शिवशरणला वाटलं, उचलला असता तर बरं झालं असतं. जोतीरामनं ओल्या अंगावरच शर्ट चढवला. बटणं खालीवर लागली.

"मी मागं राहणार हुतो, शिवाण्णा," तो म्हणाला. आणि गेटाकडं पळाला.

जोतीरामकडनं सगळ्यांना कळलं आणि पाचही गाड्या लगेच परत निघाल्या. आधी फोन झाले, शिव्या झाल्या, मग तेही संपलं. पोरं थकून झोपली. पेठनाक्याच्या अलीकडं ढाब्याचा मालक रस्त्याकडेला येऊन गाड्यांना हात करत होता. दोनशे माणसांचं मटण शिजवून तो बसला होता. गाड्या तशाच पुढं गेल्या.

आठच्या सुमारास कंपनीच्या गेटवर पोचले तेव्हा एजन्सीचे वॉचमनही निघून गेले होते. गेटला बंदची नोटीस चिकटवलेली. तरण्या पोरांनी कुलूप तोडलं. आत एकतीस मशीन होती, त्यातली चार उरली होती. सगळ्यात जुनी, मोडीत काढायच्या लायकीची. बाकीच्या जागी जमिनीत कापलेले बोल्ट आणि तेलाचे काळे चौकोन. जोतीराम आपल्या लेथच्या जागी जाऊन उभा राहिला. बावीस वर्षं ज्या फळीवर उभा राहून काम केलं, ती लाकडी फळी तेवढी तिथं होती. अंबूबाईंनी सवयीनं कोपऱ्यातला झाडू उचलला, पण कुठून झाडायला घ्यावं ते न कळून तशाच थांबल्या. एवढ्या माणसांत कुणीच रडलं नाही. त्याचंच शिवशरणला भ्या वाटलं.

तिसऱ्या दिवशी उदयसिंह साहेबांचा फोन आला. नवीन प्लांट परराज्यात, क्वार्टर मिळेल, सोमवारी हजर हो. शिवलीला म्हणाली, "जावा. निदान सुष्मीचं कॉलेज तरी पुरं हुईल. इथं आता कोण हाय आपलं?" शिवशरणनं साहेबांना नको म्हणून सांगितलं. पण हे नको त्याच्या घराबाहेर कुणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी कुणी खरं धरलं नसतं. त्याला साताऱ्यात फ्लॅट मिळाल्याची बातमी एव्हाना एमआयडीसीभर झाली होती.

गेटसमोर मांडव घालून कामगार बसले. पहिल्या दिवशी शिवशरणही एसटीनं गेला आणि सतरंजीच्या कडेला बसला. हळूहळू त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून दुसरीकडं बसली. अर्ध्या तासात सतरंजीच्या त्या टोकाला तो एकटाच उरला. समोर गाड्यावर मल्लाप्पा चहा गाळत होता. त्यानंही वर बघितलं नाही. शिवशरण उठला आणि परत कधी गेला नाही. गडमुडशिंगीतही गल्लीतली माणसं बोलायची, पण कामापुरतं. जोतीराम तेवढंही नाही. सुष्मिता एकदा रस्त्यात "काका" म्हणून थांबली, तर त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढं गेला.

मांडव चार महिन्यांनी उठला. खटला लेबर कोर्टात लागला. जोतीराम एका हॉस्पिटलच्या दारात सिक्युरिटीला लागला. अंबूबाई दोन ठिकाणची धुणीभांडी करू लागल्या. शिवशरणला मार्केट यार्डात एका गूळ व्यापाऱ्याकडं वजन लिहायचं काम मिळालं.

पुढच्या वर्षी कामगारांचे वकील त्याच्या घरी आले. सहल हा ठरवून केलेला डाव होता, हे कोर्टापुढं आणायचं होतं. "तुमच्याकडं काही लेखी आहे का?" शिवशरणनं ट्रंकेतनं फाइल काढली. वकिलांनी पहिलं पान वाचलं, साहेबांची सही बघितली आणि विचारलं, "साक्ष द्याल?"

शिवलीला आतून बाहेर आली. "सगळ्यांसमोर परत त्येच उगाळायचं? त्यांचा वकील तुम्हाला सोलून काढंल."

"काढू दे," शिवशरण म्हणाला.

साक्षीच्या दिवशी कोर्टाची खोली भरली होती. भिंतीकडच्या बाकावर जोतीराम. शिवशरणनं सांगायचं ते सांगितलं. बुधवार कुणी ठरवला, सही कुणाची, फोनवर साहेब काय म्हणाले. मग कंपनीचा वकील उठला. बारीक अंगाचा, गोड बोलणारा माणूस.

"शेटे, साडेअकराला तुम्हाला कळलं म्हणता. लोकांना सांगितलं कधी?"

"पावणेपाचला."

"म्हणजे सव्वापाच तास. तुम्हाला हे एवढं गैर वाटत होतं, तर ह्या सव्वापाच तासांत तुम्ही काय केलंत?"

शिवशरणनं बाकावर बसलेल्या जोतीरामकडं बघितलं. न्यायाधीशांनी वर बघितलं.

"उत्तर द्या."

"जेवण वाढलं," शिवशरण म्हणाला.

कुणीतरी बाकावरून उठून बाहेर गेलं. कोण, ते बघायची त्याला ताकद झाली नाही. वकिलानं आणखी अर्धा तास त्याला उभं-आडवं विचारलं. नवीन प्लांटची जागा, फ्लॅटची अफवा, सगळं. त्यानं प्रत्येक प्रश्नाला आहे तसं उत्तर दिलं. जागा देऊ केलती का? व्हय. मग गेला का नाही? गेलो न्हाय. का? सांगता येत न्हाय. जिना उतरून खाली आला तेव्हा कामगार चहाच्या टपरीवर घोळका करून उभे होते. त्याला कुणी हाक मारली नाही. कुणी तोंडही फिरवलं नाही. तो चालत स्टँडवर गेला आणि गाडीत बसला.

निकाल लागायला आणखी दहा महिने गेले. तोवर चौऱ्याऐंशीतले तीन जण गेलेच होते. एका सकाळी शिवशरण कामावर निघायच्या गडबडीत असताना जोतीरामची बायको दारात आली. दोन वर्षांहून जास्त काळ तिनं हा उंबरा बघितला नव्हता.

"निकाल आपल्यासारखा लागलाय," ती म्हणाली. "बंद बेकायदेशीर म्हणून सांगितलंय कोर्टानं. तुमच्या साक्षीचं नाव हाय म्हंत्यात त्यात. ह्यांनी सांगून यायला सांगितलं."

"आत या की वैनी," शिवशरण म्हणाला. "त्यो कसा हाय?"

"हाय. पाय सुजत्यात दिवसभर उभं राहून." ती क्षणभर घुटमळली. शिवलीला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. "नगं, दूध चढवून आलीया चुलीवर," असं म्हणत ती लगबगीनं निघून गेली.

शिवशरण त्या दिवशी कामावर उशिरा पोचला.

महिन्याभरात कंपनी वरच्या कोर्टात गेली आणि निकालाला स्थगिती मिळाली. ती बातमी सांगायला मात्र कुणी आलं नाही. गुळाच्या ढेपांवर टाकलेल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या, त्या त्याला उभ्या उभ्या वाचायला मिळाल्या.